पांढऱ्या झेंडीचे वाफे

मी मल्लिनाथ, सास्तूरचा. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. इतक्या वर्षांत हजारो माणसांना विचारलं, कुठं जायचं, आणि सगळ्यांनी एका शब्दात सांगितलं. पण माझ्या पोटच्या पोरीला विचारलं, बाई तू कुठं चाललीस, तर तिनं चार वर्षं सांगितलं आणि मला चार वर्षं काही कळलं नाही.

पोरीचं नाव शिवलीला. बारावी झाली आणि धाराशिवच्या एका कॉलेजात 'सेंद्रिय व शाश्वत शेती' या विषयाची पदवी घ्यायला गेली. साधासुधा महिन्याभराचा वर्ग नाही, चांगली चार वर्षांची बी.एस्सी. पारावर कुणी विचारायचं, "काय कंडक्टर, पोरगी काय शिकायलीय?" की माझी पंचाईत. शेती म्हणालो की समोरचा म्हणायचा, त्याला धाराशिव कशाला, बांध ओलांडला की झालं. सेंद्रिय म्हणालो की म्हणायचा, म्हणजे शेणखताचीच का? व्हय. मग त्याला चार वर्षं? तिथं मी तंबाखू मळायला घ्यायचो आणि पावसाचा विषय काढायचो. त्यालाही कळत नव्हतं आणि मलाही.

पण मला सांगायचंय ते शिवलीलाचं नाही. मला सांगायचंय माझ्या अक्काचं.

अक्का म्हणजे रुद्रम्मा, माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, आता सत्तरीला टेकली. तिचं लग्न आळंदला झालं होतं, कर्नाटकात. दोन वर्षांत नवरा काविळीनं गेला. आमचे आप्पा बैलगाडी घेऊन गेले आणि तिला घरी घेऊन आले. तवापासनं आमची चार एकर काळी तिनंच कसली. मी गाडीवर, ती शेतात. औत हाकायला माणूस लावायची, पण पेरणी स्वतः, बी स्वतःचं, राखण स्वतः. मधे दोन वर्षं मीच हौसेनं खताच्या पिशव्या आणून टाकल्या. तिसऱ्या वर्षी म्हणाली, मल्लू, जमीन सारखं पाणी मागायलीय, मला न्हाय आवडत. त्यानंतर पिशवी घरात आली नाही. एवढंच तिचं शास्त्र.

त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं घर गेलं. आई आणि आप्पा गेले. मी ड्युटीवर होतो, अक्का नणंदेकडं आळंदला गेली होती, म्हणून आम्ही दोघं राहिलो. नवं गाव झालं, नवं घर मिळालं, माझं लग्न झालं. पण अक्काला तवापासनं एक सवय लागली. ताटं वाढायच्या आधी ती माणसं मोजते. ओठ हलवत, बोटानं. त्यात गाय धरते, कुत्रं धरते, दारात पत्र घेऊन उभा असलेला पोस्टमन धरते. सगळ्यांचं झालं की मग स्वतःचं ताट घेते. घरात माणसं चार, त्यात काय मोजतीस म्हणून मी लई चिडायचो. ती उगं परत पहिल्यापासनं मोजायची.

तर शिवलीलाला कॉलेजात घालायचं ठरलं तवा मी अट घातली होती. चार वर्षं. त्याच्यावर एक दिवस नाही. चार वर्षं झाली की जे स्थळ येईल ते बघायचं. तिच्या आईसमोर आणि मामांसमोर बोललो होतो आणि शिवलीलानं मान हलवली होती. मी तोंडानं खराब असलो तरी शब्दाचा पक्का आहे, असं मला तवा वाटायचं.

ती सुट्टीला यायची आणि मी तिची पुस्तकं चाळायचो. काही मराठीत, बरीच इंग्रजीत. गांडुळाला एक सबंध धडा. मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांना तीन धडे. 'शाश्वत' हा शब्द मी आतापर्यंत फक्त मठात स्वामींच्या तोंडून ऐकला होता, तो इथं तुरीच्या पुढं लावलेला. एकदा तिनं ड्रम भरला. शेण, गोमूत्र, बांधावरची मूठभर माती, इथपर्यंत ठीक होतं. मग तिनं त्यात गूळ टाकला आणि वरनं दोन किलो बेसन. मी म्हणालो, अगं ह्यात कांदा टाकलास की भजी होतील. ती म्हणाली, पप्पा, हे जीवामृत आहे, मातीतल्या जीवांना खायला. मी अक्काकडं बघितलं. मला वाटलं ती तरी हसेल. अक्का म्हणाली, "खायला व्हय? मग बराबर हाय." आणि काठी घेऊन ड्रम ढवळायला लागली.

मी एकदा विचारलं, आपलं शेत सेंद्रिय आहे का? शिवलीला म्हणाली, आहे पण नाही. म्हणजे काय? म्हणजे आत्या काही घालत नाही हे खरं, पण तीन वर्षांची नोंद पाहिजे, तपासणी पाहिजे, मग प्रमाणपत्र मिळतं. मी म्हणालो, जी बाई तीस वर्षं पिशवीला शिवली नाही तिचं शेत सेंद्रिय नाही, आणि ज्याच्याकडं कागद आहे त्याचं आहे? तसं नाही पप्पा, ती म्हणाली, आणि मला अर्धा तास समजावलं. तिचं म्हणणं मला पटलं. उठून चार पावलं चाललो तर काय पटलं होतं ते आठवेना.

शेवटच्या वर्षी पोरांना स्वतःचा एक प्रयोग करायचा असतो. तो मांडायचा, मोजायचा, अहवाल लिहायचा आणि बाहेरनं आलेल्या परीक्षकांपुढं तोंडी परीक्षा द्यायची. तो झाला की पदवी, तो फसला की पदवी अडली. शिवलीलाची तुकडी कॉलेजातली पहिलीच, त्यामुळं आधीच्या कुणाला विचारायचीही सोय नव्हती. तिनं सरांना सांगितलं, मी आमच्याच शेतात करते, रब्बी ज्वारीवर. सर हो म्हणाले.

आश्विनात ती दोरी आणि खुंट्या घेऊन आली. विहिरीकडच्या तुकड्यात बारा वाफे आखले आणि प्रत्येकाला कापडाची झेंडी लावली. लाल झेंडीला शेणखत. पिवळ्या झेंडीला गांडूळखत. हिरव्या झेंडीला दर पंधरा दिवसांनी जीवामृत. प्रत्येकाचे तीन तीन वाफे, आणि तेही ओळीनं नाही तर कुठंही पसरलेले, लालच्या शेजारी हिरवा, हिरव्यापुढं पिवळा. मी म्हणालो, एका जागी ठेव की, घोटाळा व्हायचा. ती म्हणाली, घोटाळा होऊ नये म्हणूनच असं पसरवतात.

राहिले तीन वाफे. त्यांना पांढरी झेंडी.

"आणि ह्यांना?" अक्कानं विचारलं.

"ह्यांना काही नाही, आत्या. पाणी, खुरपणी सगळ्यांसारखी. बाकी काही द्यायचं नाही. ह्यांना कंट्रोल म्हणतात."

आमच्याकडं कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, त्यामुळं अक्काला वाटलं इथं तरी काहीतरी मिळत असेल. तिनं परत विचारलं, "काहीच न्हाय?"

"काहीच नाही."

"का? त्यांनी काय केलंय?"

"काही नाही केलं. काही न देता ज्वारी कशी येते ते बघायचं. त्याशिवाय बाकीच्यांना दिल्यानं किती फरक पडला हे कसं कळणार?"

अक्का पांढऱ्या झेंडीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे एकाला उपाशी ठेवल्याबिगर दुसऱ्याचं पोट भरलं का न्हाय ते कळत न्हाय व्हय तुमच्या कॉलेजात?"

शिवलीला हसली. मीही हसलो. तिथंच आमचं चुकलं.

शिवलीला एक रविवार सोडून एक रविवार यायची. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं उतरायची, रविवारी वाफ्यांचं बघायची, सोमवारी सकाळच्या गाडीनं परत धाराशिव. मोजपट्टी घेऊन ज्वारीच्या एकेका ताटाची उंची लिहायची, पानं मोजायची. मोजण्यात ती आणि अक्का सारख्याच. ती गेली की मागं राखण अक्काची.

मग आली येळवस. डिसेंबरातली ती अमावस्या आमच्या भागात दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील, आणि येईल त्याला जेवू घालायचं. पूजा झाली की घरच्या गड्यानं मडक्यातली आंबील घेऊन सगळ्या रानात शिंपडत फिरायचं. आमच्याकडं ते काम माझं. अक्काची ताकीद दरवर्षी एकच, एक कोपरा कोरडा ठेवायचा नाही. मी निंबाची डहाळी आंबिलीत बुडवत, ठरलेले कानडी बोल म्हणत निघालो. बांध झाला, हरभरा झाला, विहिरीकडची ज्वारी झाली, बाराच्या बारा वाफे झाले. शेवटच्या पांढऱ्या झेंडीवर आंबिलीचे थेंब पडलेले बघितले आणि मी जागीच थांबलो. काही द्यायचं नाही म्हणजे काहीच नाही, असं पोरगी दहा वेळा बोलली होती.

मागं वळून बघितलं. शिवलीला खोपीत पाहुण्यांना वाढत होती. मी झेंडी बाहीनं पुसली आणि गप येऊन जेवायला बसलो.

जानेवारीत ज्वारीला कणसं आली आणि शिवलीलाचा चेहरा उतरायला लागला. पांढऱ्या झेंडीची ज्वारी कमी यायला पाहिजे होती. ती कमी तर नव्हतीच, लाल-पिवळ्याच्या डोक्यावरनं बघत होती. कणीस भरदार, पान काळंभोर हिरवं. शिवलीलानं परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. झेंड्या कुणी बदलल्या का म्हणून वहीतला नकाशा काढून बसली. मला विचारलं, पप्पा, ह्या तुकड्यात आधी काय होतं? मी म्हणालो, जे सगळीकडं होतं तेच.

पुढच्या आठवड्यात तिचे सर मोटारसायकलवर आले. डॉक्टरेट झालेला माणूस, पण पायात साधी चप्पल, बोलायला नरम. ते वाफ्यात बसले. माती हातात घेऊन चुरडली, वास घेतला, उतार बघितला, विहिरीचा पाझर बघितला. दोन तास झाले. मग उठून म्हणाले, "काही समजत नाही."

खोटं कशाला बोलू, मला आधी बरं वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूचं भेटलं. पण मग शिवलीलाकडं बघितलं. ती वही छातीशी धरून उभी होती. सर म्हणाले, हे आकडे असेच राहिले तर अहवालात यांचं कारण द्यावं लागेल, कारण न देता परीक्षकांपुढं जाता येणार नाही. ती मान हलवत होती आणि तिला काही ऐकू येत नव्हतं हे मला दिसत होतं.

तीन दिवस मी माझ्या जिवाला खात होतो. मला दुसरं कारण सुचतच नव्हतं. आंबील. ज्वारीचं पीठ आणि ताक, दोन्ही आंबलेलं. जीवामृतात बेसन चालतं तर ह्यात काय कमी? पोरीच्या चार वर्षांवर मी निंबाच्या डहाळीनं पाणी ओतलं, असं डोक्यात बसलं. शेवटी रविवारी दुपारी जेवताना मी घास खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. झेंडी बाहीनं पुसली तेसुद्धा.

शिवलीला इतकी हसली की तिला ठसका लागला. महिन्याभरात पहिल्यांदा हसली असेल. "पप्पा, चार थेंब आंबिलीनं ज्वारी अशी वाढली असती तर सगळ्यांनी हेच केलं असतं. आणि तुम्ही बाराही वाफ्यांवर शिंपडली ना? मग सगळ्यांना सारखीच मिळाली. त्यानं काही बिघडत नाही."

मी मोकळा झालो. भाकरी मोडली.

चुलीपाशी अक्का भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आंबिलीनं न्हाय. म्या दिलं त्यांना."

"काय दिलं, आत्या?"

"तू सोमवारी गाडीत बसलीस की म्या जायची. तुज्या ड्रमाच्या तळाला राहिलेलं असायचं, ते का फेकून द्यायचं? ते दिलं. अन् शेणखताची एकेक पाटी. त्यांना मागनं मिळालं म्हणून जरा जास्त दिलं. पंगतीत मागं राहिलेल्याला जास्तच वाढत्यात." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "सगळी खायलीत अन् ती तिघं बघत बसलीत. मला न्हाय बघवलं. बघ कशी झालीत आता."

तिच्या आवाजात कौतुक होतं. तिला वाटत होतं आपण पोरीच्या कामाला हातभार लावला.

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी कुणी उलटली नाही.

संध्याकाळी मी तिला अंगणात बाजूला घेतलं. म्हणालो, हे बघ, हे आपल्या घरातलं घरात. लिहून टाक की पांढऱ्याला कमी आलं. तशी ती कमीच आली असती की नाही? मग झालं. कोण बघायला येतंय.

ती म्हणाली, "पप्पा, गाडीत चाळीस माणसं असताना तुम्ही तिकिटांच्या वेबिलावर कधी पंचवीस लिहिली?"

"न्हाय."

"एकतीस वर्षांत एकदा तरी?"

"न्हाय म्हणालो ना."

"मग मला का सांगताय?"

मला राग आला. तिचा का माझा, ते कळलं नाही. मी चपला घालून पारावर गेलो आणि तिथं कुणी नव्हतं म्हणून परत आलो.

सोमवारी तिनं सरांना खरं ते सांगितलं. सरांना वाईट वाटलं, पण तेही काय करणार. प्रयोग बाद. ज्वारी काही उन्हाळ्यात पेरता येत नाही. पुढच्या रब्बीत परत मांडायचा, म्हणजे पाचवं वर्ष.

आणि मी चार म्हणालो होतो. उमरग्याकडचं एक स्थळ तिच्या मामांनी बघून ठेवलं होतं, मुलगा बँकेत. घरात मी स्वच्छ सांगितलं, पाचवं वर्ष नाही. एवढं शिकली ते पुष्कळ झालं. तिची आई रडली. शिवलीला रडली नाही, तिनं वाद घातला नाही, पुस्तकं एका पोत्यात भरली आणि पोतं माळ्यावर टाकलं. ते बघून मला आणखीच राग आला.

अक्काला हे सगळं उशिरा उमगलं. तिनं मला विचारलं, "माझ्यामुळं पोरीचं वरीस गेलं व्हय?" मी गाईला पाणी पाजायला उठलो. पुढचे तीन दिवस ती बोलली नाही. ताटं वाढताना मोजायचीही विसरली. शिवलीलाच तिच्याजवळ जाऊन बसायची, म्हणायची, आत्या, चूक माझी आहे, मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. अक्का तिच्या केसांतनं हात फिरवायची आणि भिंतीकडं बघायची.

चौथ्या दिवशी मी दाढी करत बसलो होतो. अक्का समोर येऊन बसली.

"मल्लू, आप्पांनी मला आळंदहून आणलं तवा किती वर्षं ठेवतो म्हणून सांगितलं व्हतं का रं?"

माझ्या गालावर साबण तसाच. मी म्हणालो, "न्हाय, अक्का."

"मग तू का मोजायलास?"

एवढं बोलून ती गोठ्यात गेली. मी आरशात बघत बसलो. साबण वाळला. मला माझी लाज वाटली, सरळ सांगतो. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं पोतं मीच खाली काढलं आणि शिवलीलाबरोबर धाराशिवला जाऊन पाचव्या वर्षाचा फॉर्म भरून आलो. तिच्या मामांना काय सांगायचं ते अजून नीट ठरलेलं नाही.

पुढच्या आश्विनात परत बारा वाफे, परत झेंड्या. या वेळी शिवलीलानं अक्काचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, आत्या, पांढऱ्याला सुगीपर्यंत काही नाही, ड्रमाच्या तळाचंसुद्धा नाही. अक्का म्हणाली, "कळलं." मी दोघींकडं बघितलं. माझा काही विश्वास बसला नाही, म्हणून मी सोमवारी लपून शेतात जायला लागलो. अक्का बांधावर बसलेली असायची. उठायची नाही, काही द्यायची नाही. खरंच देत नव्हती.

पण एक रविवार सोडून एक रविवार ती म्हणायची, आज मला जेवायला नको, पोट जड झालंय. मला वाटलं वय झालं. मी पित्ताच्या गोळ्या आणल्या. लोहाऱ्याच्या डॉक्टरला दाखवलं, त्यानं पोट दाबून बघितलं आणि म्हणाला, काही नाही, उलट जेवण कमी पडतंय. मी अक्कावर ओरडलो. ती म्हणाली, बरं. आणि पुढच्या आठवड्यात नीट जेवली, त्याच्या पुढच्या रविवारी परत नाही. बाईला झालंय तरी काय, मला काही उलगडेना.

उलगडलं ते शिवलीलाला. पौषातला रविवार होता. तिनं हिरव्या झेंडीच्या वाफ्यांना जीवामृत दिलं, हात धुतले आणि ताट वाढून बांधावर अक्कापुढं ठेवलं.

"आज न्हाय," अक्का म्हणाली.

"मी आले की तुम्ही जेवत नाही. का?"

"तसं न्हाय, बाई."

"मग काय?"

अक्कानं पांढऱ्या झेंड्यांकडं हात केला. "लाल-पिवळ्यांचं पेरतानाच झालं, हिरव्यांना आज वाढलंस न्हवं? त्यांचा उपास हाय. तुज्या शिकण्यासाठी ती तिघं उपाशी ऱ्हायलीत. मला द्यायची मनाई हाय, न्हाय देत. पण मोजायला बसलं की तिघं कमी भरत्यात. मग माझ्या घशाखाली उतरत न्हाय." मग शिवलीलाकडं वळून म्हणाली, "ह्यानं तुजं काही बिघडत न्हाय न्हवं?"

शिवलीलानं नाही म्हणून मान हलवली. ताटावर फडकं झाकलं आणि अक्काला टेकून बसली. दोघीही जेवल्या नाहीत. मी पाण्याची कळशी घेऊन उभा. ओरडायला तोंड उघडलं, पण कुणावर ओरडायचं? पोरीवर, अक्कावर, का त्या ज्वारीवर? मला भूक लागली होती, नाही म्हणत नाही. घरी येऊन बसलो तर भाकरी तोंडात फिरायला लागली.

सुगीला सगळं स्वच्छ दिसलं. लाल, पिवळ्या, हिरव्या झेंडीची ज्वारी डोक्याच्या वर, आणि पांढऱ्याची छातीइतकी, कणसं बारकी. सर आले, बघितलं, आणि या वेळी त्यांना समजलं. शिवलीलानं कणसं वजन करून लिहिली, कडबा वजन करून लिहिला. अहवालात पहिल्या वर्षाचंही एक पान घातलं, प्रयोग का बाद झाला त्याचं. त्यात अक्काचं नाव आहे. ते पान वाचताना मला सगळं समजलं, बाकीच्या ऐंशी पानांचं विचारू नका.

मेच्या मधे तोंडी परीक्षा झाली. दुपारी शिवलीलाचा फोन आला. "पप्पा, झालं. पास." एवढंच बोलली. मी फोन तसाच कानाला लावून गोठ्यात गेलो.

अक्का गाईपुढं वैरण टाकत होती. म्हणालो, "अक्का, पोरगी पास झाली."

तिनं हात पदराला पुसले. "परीक्षा संपली?"

"संपली."

"परत न्हाय न्हवं?"

"न्हाय. आता पदवीच."

"मग आता देऊ का त्यांना?"

कुणाला, म्हणून मी विचारणार होतो. पण तिनं उकिरड्यापाशी तीन पाट्या आधीच भरून ठेवल्या होत्या. कधीपासनं, कुणास ठाऊक. ज्वारी निघून तीन महिने झाले होते. वाफ्यात कापलेल्या ज्वारीचे नुसते सड होते, जमिनीला भेगा पडलेल्या, झेंड्यांचे रंग उडून लाल कुठली आणि पांढरी कुठली ते ओळखू येत नव्हतं. अक्का, आता तिथं पीक नाही, असं तिला सांगता आलं असतं. मी दोन पाट्या एकावर एक घेतल्या, एक तिच्या डोक्यावर दिली आणि तिच्या मागं चालायला लागलो.

तिला ते तीन वाफे न बघता माहीत होते. एकेका वाफ्यात तिनं पाटी रिकामी केली, हातानं सारखी पसरली, भेगांत लोटली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि ओठ हलवत, बोटानं मोजायला लागली. उन्हानं डोकं तापलं होतं. तिच्याबरोबर मनातल्या मनात मीही मोजले. बारा भरले.

"चल मल्लू," अक्का म्हणाली, "आता जेवू."